आडनाव एक, बोलणं वेगळं: इंग्रजी शब्द अक्षरांच्या गटाने कसे पाठ करायचे

हे लिहितोय ते आपल्याकडच्या पोरापोरींसाठी, जे झेडपीच्या शाळेत शिकले, घरी अहिराणी बोलतात, वर्गात मराठी बोलले आणि आता जळगाव, धुळे, शिरपूर नाहीतर चोपड्याच्या अभ्यासिकेत बसून स्टाफ सिलेक्शन, बँक, तलाठी असल्या परीक्षांच्या मागे लागलेत. गणित, रिझनिंग जमतं, जीके होतं, इंग्रजीचं ग्रामरसुद्धा नियम घोकून निघून जातं, पण व्होकॅब म्हणजे शब्दसंपत्ती आणि स्पेलिंग आलं की गाडी अडते. मग ग्रुपवर कोणीतरी पाच हजार शब्दांची पीडीएफ टाकतो, ती झेरॉक्स होते, स्पायरल बाइंडिंग होतं, ए पासून जोरात सुरुवात होते आणि सी संपता संपता ते बाड उशाखाली जातं ते जातंच.

मी या सगळ्यातून जाऊन आता नोकरीला लागलोय आणि घरातल्या, गल्लीतल्या लहान्यांना शिकवताना जी पद्धत खरंच चालली ती इथं क्रमाने सांगतो. शब्द ए टू झेड पाठ करायचे नाहीत. ज्यांच्यात अक्षरांचा एकच तुकडा आहे असे शब्द एका पानावर आणायचे, आणि मग त्याच पानावर त्यांना उच्चाराप्रमाणे नाहीतर अर्थाप्रमाणे परत वेगळं करायचं. पहिलं अर्धं काम बरेच जण करतात, दुसरं अर्धं जवळपास कोणी करत नाही, आणि मार्क सगळे त्या दुसऱ्या अर्ध्यात आहेत.

एक सूचना आधीच. मी इथं सगळं देवनागरीत लिहितोय म्हणून वाचायला सोपं जाईल, पण तुमच्या वहीत स्पेलिंग इंग्रजीतच पाहिजे. जिथं स्पेलिंग महत्त्वाचं आहे तिथं मी एकेक अक्षर सुटं सांगतो, ते वाचता वाचता कागदावर लिहून घ्या.

1. आधी बघा, तुमच्या परीक्षेत इंग्रजी आहे का

हसू नका, भुसावळकडची कितीतरी पोरं रेल्वेची तयारी करताना रोज तासभर व्होकॅब करतात. रेल्वेच्या एनटीपीसी भरतीच्या पहिल्या सीबीटीत, म्हणजे कॉम्प्युटरवरच्या परीक्षेत, 100 प्रश्न असतात, गणित 30, रिझनिंग 30, जीके 40, इंग्रजीचा वेगळा भागच नाही. पोलीस भरतीच्या लेखीतही गणित, बुद्धिमत्ता, जीके आणि मराठी व्याकरण, बस. फक्त या दोनच परीक्षा द्यायच्या असतील तर हा लेख इथंच सोडा आणि तो वेळ गणिताला द्या.

स्टाफ सिलेक्शनच्या सीजीएल (पदवीवरची) आणि सीएचएसएल (बारावीवरची) या परीक्षांना मात्र पहिल्या टप्प्यात इंग्रजीचे 25 प्रश्न, 50 मार्क, आणि चुकलं की अर्धा मार्क जातो. 2023 च्या तलाठी भरतीत 100 पैकी 25 प्रश्न इंग्रजीचे होते. बँकेच्या बहुतेक परीक्षांना इंग्रजी असतं. पॅटर्न बदलत राहतो म्हणून अर्ज भरायच्या आधी जाहिरातीतला अभ्यासक्रम स्वतः डोळ्याने वाचा, क्लासवाल्याच्या पॅम्प्लेटवर जाऊ नका.

2. काय काय लागतं

जास्त काही नाही, पण जे लागतं ते पक्कं लागतं.

– एक 200 पानी फुलस्केप वही. सुटी पानं नको, ती हरवतात.
– दोन रंगाचे पेन. निळा सगळ्यासाठी, लाल फक्त त्या अक्षरांच्या तुकड्यासाठी.
– उच्चार ऐकवणारी एक डिक्शनरी. ऑक्सफर्ड आणि केंब्रिज दोघांच्या लर्नर्स डिक्शनरी नेटवर फुकट आहेत, शब्दाशेजारी स्पीकरचं चिन्ह दाबलं की उच्चार ऐकू येतो. ब्रिटिश आणि अमेरिकन असे दोन असतात, आपण ब्रिटिश धरायचा.
– वनलूक नावाची वेबसाइट. तिथं स्टार टाकायचा, मग अक्षरांचा तुकडा, मग परत स्टार, की तो तुकडा असलेले शब्द समोर येतात. फार येतात, घाबरू नका, त्यातले ओळखीचे तेवढेच उचलायचे.
– मागच्या वर्षांचे पेपर, निदान पाच-सहा.
– मोबाइलचं ऑटोकरेक्ट बंद. हे सगळ्यात आधी करा. ते चालू असलं की तुम्ही काहीही टाइप करा, स्पेलिंग मोबाइल दुरुस्त करतो आणि तुम्हाला वाटतं आपल्याला येतंय.

उजळणीसाठी मोबाइलवर कार्डं पाहिजे असतील तर अँकी आहे, अँड्रॉइडला आणि कॉम्प्युटरला फुकट. पण तयार डेक म्हणजे दुसऱ्याने बनवलेला कार्डांचा गठ्ठा उतरवून घेऊ नका, स्वतःची कार्डं स्वतः बनवा, बनवतानाच निम्मं पाठ होतं.

3. गट दोन जातीचे असतात, एकाच पानावर घेऊ नका

काही तुकडे नुसते स्पेलिंगचे असतात, त्यांना स्वतःचा अर्थ नाही. ओ-यू-जी-एच हा तसा. आय-ई आणि ई-आय ची भांडणं तशीच, शब्दाच्या शेवटी मुका बसणारा एन तसाच. इथं उच्चार लावायचा असतो.

दुसरे तुकडे अर्थ घेऊन येतात, बहुतेक लॅटिन नाहीतर ग्रीकमधून आलेले. सी-आय-डी-ई म्हणजे मारणं, एस-पी-ई-सी-टी म्हणजे बघणं, जे-ई-सी-टी म्हणजे फेकणं. इथं उच्चाराचा प्रश्न कमी, अर्थ लावायचा असतो.

क्लासच्या नोट्समध्ये हे दोन्ही खिचडीसारखे एकत्र असतात आणि म्हणून डोकं फिरतं. वही उलटीसुलटी वापरा, पुढून स्पेलिंगचे गट, मागून अर्थाचे. मधे कुठंतरी भेटतील.

4. पहिला गट पूर्ण करून बघू: ओ-यू-जी-एच

सुरुवात याच्यापासून का, तर हा सगळ्यात बदनाम आहे आणि तरी आकाराने लहान आहे. रोजच्या वापरातले मूळ शब्द पंचवीसच्या आसपास, त्यात सगळा गट संपतो. दोन दिवसात हातावेगळा होतो आणि कॉन्फिडन्स येतो.

हा गट म्हणजे गावातली भाऊबंदकी आहे, आडनाव एक पण एकाचं बोलणं दुसऱ्याशी जुळत नाही. शेवटची चार अक्षरं तीच, उच्चार मात्र ओ, ऊ, अफ, ऑफ, आउ असा कुठल्या कुठं जातो. अहिराणी बोलणारा पोरगा पहिल्यांदा बघतो तेव्हा म्हणतो, हाई काय शे भो? म्हणजे हे काय आहे भाऊ? त्याचं बरोबर आहे. आपण देवनागरीत जे लिहितो बहुतेक तेच वाचतो, त्यामुळे एकाच लिखाणाचे सात-आठ उच्चार ही आपल्या डोक्याला न पटणारी गोष्ट आहे.

कारण थोडक्यात ऐका, म्हणजे राग कमी होईल. जुन्या इंग्रजीत या जी-एच चा खराच उच्चार होता, घशातून खरवडून काढलेल्या ख सारखा. जर्मनमध्ये तो अजून आहे, इंग्रजीतलं नाईट तिकडं नाख्ट आहे आणि डॉटर तिकडं टॉख्टर आहे. विल्यम कॅक्स्टनने 1476 च्या सुमारास इंग्लंडमध्ये छापखाना आणला, छपाईमुळे स्पेलिंग हळूहळू गोठत गेलं, आणि लोकांचं बोलणं मात्र पुढं बदलतच राहिलं. तो ख काही शब्दांत गळून गेला, काही शब्दांत त्याचा फ झाला, आसपासचे स्वरही सरकले. कागदावर जुनं बोलणं राहिलं, तोंडात नवं आलं. म्हणजे नियम शोधत बसायचं नाही, रांगा लावायच्या.

वहीत पान आडवं धरा आणि रांगा अशा करा.

ओ ची रांग: दो म्हणजे जरी, ऑल्दो म्हणजेही जरीच, डो म्हणजे मळलेली कणीक. वरण-बट्टीचं मळून ठेवलेलं पीठ डोळ्यासमोर आणा, तो डो, डी-ओ-यू-जी-एच.

ऊ ची रांग: थ्रू, टी-एच-आर-ओ-यू-जी-एच, आणि त्याच्यापासून थ्रूआउट. भुसावळवाल्यांना हा शब्द सांगावा लागत नाही, स्टेशनवर न थांबता जाणारी गाडी थ्रू जाते. आरपार, मधून, हा अर्थ तिथूनच पक्का होतो.

अफ ची रांग: रफ, टफ, इनफ. तिन्ही रोज आपण मराठीत बोलतो, स्पेलिंग मात्र बोलतो तसं लिहायला गेलं की आर-यू-एफ होतं. रफ वही, टफ पेपर, इनफ झालं, एवढं म्हणत तिन्ही लिहा.

ऑफ ची रांग: कॉफ म्हणजे खोकला आणि ट्रॉफ म्हणजे गव्हाण, जनावरांना चारापाणी ठेवायची. इथं एक सापळा आहे, आपण कॉफ ला कफ म्हणतो आणि तो रफ-टफच्या रांगेत जाऊन बसतो. कॉफ सिरप म्हणायची सवय लावा, मेडिकलवाला हसला तर हसू दे. ट्रॉफ चा दुसरा अर्थही लिहून ठेवा, पावसाच्या बातम्यांत मान्सून ट्रॉफ येतो तो कमी दाबाचा पट्टा, पॅसेजमध्ये गव्हाण समजून वाचलं तर सगळा उतारा हुकतो.

आउ ची रांग: प्लाउ म्हणजे नांगर, बाउ म्हणजे झाडाची मोठी फांदी, आणि मागे टी लावून ड्राउट म्हणजे दुष्काळ. ही रांग खान्देशच्या पोराला सगळ्यात जवळची. पलटी नांगराचं कोटेशन घरात आलं असेल तर काढून बघा, त्यावर रिव्हर्सिबल प्लाउ लिहिलेलं असतं, पी-एल-ओ-यू-जी-एच. अमेरिकेत हाच शब्द पी-एल-ओ-डब्ल्यू असा लिहितात, गुगलवर दोन्ही दिसतील, गोंधळू नका. आणि ड्राउट चं वाक्य बनवायला पुस्तक कशाला पाहिजे, 2018 च्या ऑक्टोबरात राज्य सरकारने 151 तालुक्यांत दुष्काळ जाहीर केला होता, तेच इंग्रजीत लिहा.

ऑट ची रांग, मागे टी: थॉट, बॉट, ब्रॉट, फॉट, सॉट, ऑट, नॉट म्हणजे शून्य, आणि रॉट ज्याच्या सुरुवातीला मुका डब्ल्यू आहे. ही सगळ्यात लांब रांग आणि बहुतेक भूतकाळाची रूपं. हिच्यावर पुढं वेगळं लिहिलंय.

उरलेसुरले: थरा म्हणजे पूर्णपणे, बारकाईने, ज्याला आपल्याकडे सगळे थरो म्हणतात, आणि बरा म्हणजे शहराचा प्रशासकीय भाग. हिकप म्हणजे उचकी, ज्याचं एक स्पेलिंग शेवटी सी-ओ-यू-जी-एच असं करतात आणि उच्चार तरी प च होतो. हे स्पेलिंग कोणीतरी खोकल्याशी नातं लावून बनवलेलं आहे, साधं एच-आय-सी-सी-यू-पी लिहिलं तर जास्त बरं.

गट संपला. वहीत प्रत्येक शब्दाला चार खाने करा: स्पेलिंग, त्यात तुकडा लाल पेनने, मग देवनागरीत उच्चार, मग मराठी अर्थ, मग स्वतःचं वाक्य. माझ्या चुलत बहिणीच्या वहीत ट्रॉफ च्या शेवटच्या खान्यात लिहिलेलं होतं की म्हशीने गव्हाणीत पाय टाकला. तसलं वाक्य लिहा. पीडीएफमधलं लंडनच्या शेतकऱ्याचं वाक्य उतरवून काही फायदा नाही.

5. शेजारच्या गटाशी गल्लत

खरी वाट लागते ती इथं. ओ-यू-जी-एच च्या अगदी शेजारी ए-यू-जी-एच राहतो आणि ऑट उच्चार दोघांकडे आहे. थॉट आणि टॉट, बॉट आणि कॉट, कुठं ओ आणि कुठं ए?

यावर एक तोडगा आहे जो मी कुठल्या क्लासमध्ये ऐकला नाही पण चालतो. मूळ क्रियापद बघा. टीच मध्ये ए आहे, कॅच मध्ये ए आहे, म्हणून टॉट आणि कॉट यांच्यात ए-यू-जी-एच-टी. बाय, ब्रिंग, थिंक, फाइट, सीक, यांच्यात कुठंच ए नाही, म्हणून या सगळ्यांच्या भूतकाळात ओ-यू-जी-एच-टी. एकदा लिहून बघा, परत चुकणार नाही.

बॉट आणि ब्रॉट मध्ये तर पदवीधर लोक चुकतात. ब्रिंग मध्ये आर आहे म्हणून ब्रॉट मध्ये आर, बाय मध्ये आर नाही म्हणून बॉट मध्ये नाही. विकत घेतलं ते बॉट, घेऊन आलो ते ब्रॉट. एरर शोधायच्या प्रश्नात हा हमखास टाकण्यासारखा प्रकार आहे, कारण दोन्ही वाक्यं वाचायला बरोबरच वाटतात.

ए-यू-जी-एच चं पान पण लगेच बनवून टाका. डॉटर, नॉटी, स्लॉटर, टॉट, कॉट इथं जी-एच मुका. लाफ आणि ड्राफ्ट इथं मात्र फ होतो. लाफ्टर च्या आधी एक एस लावला की स्पेलिंग स्लॉटर चं होतं, हसण्याची कत्तल होते आणि उच्चारही फिरतो. ड्राफ्ट चं हे स्पेलिंग म्हणजे डी-आर-ए-यू-जी-एच-टी, हवेचा झोत वगैरे अर्थाचं. बँकेतला डिमांड ड्राफ्ट साधा डी-आर-ए-एफ-टी. आणि दुष्काळाच्या स्पेलिंगमध्ये ए च्या जागी ओ. तीन शब्द, एकाखाली एक लिहून भिंतीला चिकटवा.

तसंच थ्रू दोन आहेत. एक आरपारचा, दुसरा थ्रो चा भूतकाळ, टी-एच-आर-ई-डब्ल्यू. उच्चार अगदी सारखा, त्यामुळे कानावर विसंबून राहिलात की गेलात. आणि थरो घाईत लिहिताना मधला ओ खाल्ला तर त्याचा थ्रू होतो, आर नंतर ओ-यू-जी-एच दोघांनाही आहे, फरक फक्त एच आणि आर च्या मधल्या ओ चा.

6. अर्थाचा गट: कृषी केंद्रातून सुरुवात करा

सी-आय-डी-ई. कापूस आणि केळी असलेल्या घरातल्या पोरांना हा गट शिकवायची गरजच नाही, फक्त लक्षात आणून द्यायचं. कृषी सेवा केंद्रातून आणलेल्या बाटल्यांची लेबलं वाचा. कीड मारतं ते इन्सेक्टिसाईड, बुरशी मारतं ते फंगिसाईड, केळीच्या करप्यावर मारतो ते हेच, तण मारतं ते हर्बिसाईड नाहीतर वीडिसाईड, उंदीर मारतं ते रोडेंटिसाईड. आधीचा तुकडा कोण मेलं ते सांगतो, शेवटचा तुकडा मारलं एवढंच सांगतो.

आता कीड काढा आणि माणसं घाला. होमिसाईड म्हणजे मनुष्यहत्या, सुइसाईड म्हणजे स्वतःची, रेजिसाईड म्हणजे राजाची, इन्फँटिसाईड म्हणजे तान्ह्या बाळाची. बापाची पॅट्रिसाईड, आईची मॅट्रिसाईड, भावाची फ्रॅट्रिसाईड. जेनोसाईड म्हणजे वंशसंहार, हा शब्द जुना नाही, राफाएल लेमकिन नावाच्या कायदेपंडिताने 1944 मध्ये तयार केला, ग्रीक आणि लॅटिन तुकडे जोडून. वन वर्ड सबस्टिट्यूशनच्या, म्हणजे अख्ख्या वाक्यासाठी एकच शब्द विचारणाऱ्या प्रश्नांत ही मंडळी परत परत भेटतात.

मराठी मीडियमवाल्याला इथं उलट फायदा आहे. पितृ, मातृ, भ्रातृ आपल्याला आधीच माहीत असतात आणि लॅटिनचे पातेर, मातेर, फ्रातेर हे त्यांचेच लांबचे नातेवाईक. दवाखान्याच्या पाटीवरचं मॅटर्निटी होम त्याच मातृ मधलं. म्हणजे एक गट संपवताना पुढच्या गटाचं दार आपोआप उघडतं: मॅटर्नल, पॅटर्नल, फ्रॅटर्निटी. ते त्याच पानावर घुसवू नका, पुढच्या पानावर घ्या.

सापळा: शेवटी सी-आय-डी-ई दिसलं म्हणजे खून झालाच असं नाही. डिसाईड याच मुळातून आलाय, पण तिथं अर्थ कापून टाकणं, म्हणजे बाकीचे पर्याय तोडून एक ठेवणं असा आहे. आणि कोइन्साईड चा तर याच्याशी संबंधच नाही, तो पडणं या अर्थाच्या दुसऱ्या लॅटिन शब्दातून आलाय, ॲक्सिडेंट आणि इन्सिडेंट ज्यातून आले त्याच. अर्थाच्या गटात एखादा शब्द बळंच बसवावा लागत असेल तर डिक्शनरीत त्याचं मूळ बघा, नाहीतर बाहेर ठेवा.

एस-पी-ई-सी-टी चा गट स्वतः करा, फार सोपा आहे. इन्स्पेक्ट, रिस्पेक्ट, सस्पेक्ट, स्पेक्टेटर, प्रॉस्पेक्ट, रेट्रोस्पेक्ट, आणि नाकावरचे स्पेक्टॅकल्स. सगळीकडे बघणंच आहे, कुठून बघितलं तेवढं बदलतं.

7. छोटे बंद गट आधी मारून टाका

बंद गट म्हणजे ज्यात मोजकेच शब्द आहेत आणि नवीन येणार नाहीत. कमी मेहनत, पक्के मार्क.

सीड उच्चाराने संपणारी क्रियापदं घ्या. डबल ई म्हणजे सी-ई-ई-डी फक्त तिघांना: सक्सीड, प्रोसीड, एक्सीड. एस-ई-डी-ई फक्त एकाला: सुपरसीड. बाकी सगळ्यांना सी-ई-डी-ई, म्हणजे प्रिसीड, रिसीड, कन्सीड, सीसीड, ॲक्सीड, इंटरसीड. एवढंच पाठ केलं की पूर्ण प्रकार संपला. फक्त प्रोसीजर मध्ये प्रोसीड चा एक ई कमी होतो, पेपर काढणाऱ्याला तो फार आवडतो.

दुसरा, शेवटी एम-एन आणि त्यातला एन मुका: ऑटम, कॉलम, सॉलेम, कंडेम, हिम म्हणजे स्तोत्र. उच्चारात एन ऐकू येत नाही म्हणून लिहिताना सुटतो. युक्ती अशी की शब्द लांब करून बघा. ऑटम्नल, कॉलमनिस्ट, सॉलेम्निटी, कंडेम्नेशन, हिम्नल, प्रत्येकात तो एन बोलायला लागतो. मुका वाटणारं अक्षर आहे की नाही याची शंका आली की शब्दाचं लांब रूप तोंडाने म्हणायचं. साइन मधला जी सिग्नेचर मध्ये बोलतो, बॉम मधला दुसरा बी बॉम्बार्ड मध्ये बोलतो. सगळीकडे चालत नाही पण जिथं चालतं तिथं फुकटचा मार्क.

ई-आय आणि आय-ई वर मी फार वेळ घालवणार नाही. सी नंतर ई उच्चार असेल तर ई-आय, रिसीव्ह, डिसीव्ह, सीलिंग, रिसीट. रिसीट मधला मुका पी विसरू नका. बाकी ठिकाणी बहुतेक आय-ई, बिलीव्ह, अचीव्ह. सीझ म्हणजे जप्त करणं, विअर्ड आणि प्रोटीन हे नियम मोडणारे, वेगळे लिहून ठेवा. सायन्स, एन्शंट, एफिशियंट यांच्यात सी नंतर आय-ई आहे पण तिथं लांब ई चा उच्चारच नाही, म्हणून त्यांना हा नियम लागूच नाही.

8. डिक्टेशन घरच्यांकडून घ्या

वहीत देवनागरी उच्चाराचा खाना ठेवायला लावला त्याचं खरं कारण हे. इंग्रजी येत नसलेल्या माणसालाही तुमचं डिक्टेशन घेता येतं. माय भाजी निवडत असेल तर वही तिच्यासमोर ठेवा, ती उच्चार आणि अर्थ वाचेल, तुम्ही दुसऱ्या कागदावर स्पेलिंग लिहा. सारखे उच्चार असले की अर्थ वाचायला सांगाच, नाहीतर थ्रू कुठला ते कळणार नाही. आप्पा नाहीतर लहान बहीण कोणीही चालतं. अभ्यासिकेतला मित्र घेतला तर तो मधेच चहाला नेतो.

शब्द क्रमाने विचारायला लावू नका. रांगेने विचारले की डोकं रांग लक्षात ठेवतं, शब्द नाही. मधून कुठूनही, कधी दुष्काळ, कधी उचकी, कधी पॅट्रिसाईड. आणि गट शिकल्याच्या दुसऱ्या दिवशी, मग आठवड्याने, मग महिन्याने तो परत काढायचा, वहीच्या कोपऱ्यात तारीख टाकून ठेवा.

दर दोन-तीन गटांनंतर जुना पेपर काढा आणि त्यातले फक्त स्पेलिंग, वन वर्ड आणि समानार्थी शब्दांचे प्रश्न सोडवा. स्पेलिंगच्या प्रश्नात चार शब्द देऊन चुकीचा कोणता विचारतात, तिथं चौघांकडे एकदम बघत बसू नका, प्रत्येकाचा तुकडा कोणत्या गटाचा ते आधी ठरवा. जो शब्द तुमच्या कुठल्याच गटात बसत नाही, जसं डबल सी डबल एम वाला अकॉमोडेट, त्याच्यासाठी वहीच्या अगदी शेवटी एक बेवारस पान ठेवा. ते पान लांबत चाललं तर समजा की एखादा नवा गट त्यातच लपलाय, डबल अक्षरांचा गट बहुतेकांना असाच सापडतो.

सीएचएसएलची टायपिंग द्यायची असेल, इंग्रजीत मिनिटाला 35 शब्दांची, तर त्याच वहीतून टाइप करा. टी-आय-ओ-एन, ओ-यू-जी-एच असे तुकडे बोटांना एका झटक्यात येऊ लागतात, सुटी अक्षरं शोधावी लागत नाहीत.

डिक्टेशनमध्ये चुकलेला शब्द पाच-दहा वेळा लिहायची शाळेतली सवय सोडा. आधी तोंडाने सांगा की हा कुठल्या रांगेतला, त्याच्या शेजारी कोण, आणि मी कोणाच्या रांगेत नेऊन बसवला होता. मग एकदाच लिहा, लाल पेन तुकड्यावर फिरवा आणि पुढचा शब्द विचारायला सांगा.